भाकरीवरचं कच्चं तेल

आमच्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला लहानपणच्या खाण्याबद्दल विचारलं तर तो आधी चटणीचं नाव घेतो. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची, काहीच नसलं तर नुसतं तिखट-मीठ. पण चटणी ही अर्धीच गोष्ट. ताटात चटणीची रास, तिला बोटानं मधोमध खळगा, आणि त्या खळग्यात करडीचं तेल. कच्चं. फोडणीचं नाही, कढवलेलं नाही. भाकरीचा तुकडा आधी तेलात, मग चटणीत. तिखट लागलं की आणखी तेल. करडीच्या तेलाला किंचित रानवट, भाजल्यासारखा वास असायचा, आणि ज्वारीच्या भाकरीला दुसरं कुठलंही तेल शोभत नाही यावर आमच्या घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. एरवी आमच्या घरात एकमत क्वचितच व्हायचं.

आज माझ्या ओट्यावर तेलाचं पाकीट आहे. दिसायला स्वच्छ, जवळजवळ रंगहीन. ते चटणीवर कच्चं ओतून घ्यावं असं घरात कुणालाच वाटत नाही. वाटणार तरी कसं? त्याला वासच नाही. तळायला चालतं, फोडणीला चालतं, म्हणजे स्वतः गप्प बसून दुसऱ्याचं काम करून द्यायला चालतं.

तेलाचा वास आपोआप उडून गेलेला नाही. तो कारखान्यात काढला गेला. आणि एकदा तो काढल्यावर सरकारांना आणि व्यापाऱ्यांना किती गोष्टी सोप्या झाल्या, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या आयातशुल्काच्या अधिसूचना वाचल्या तर कळतं. रुक्ष वाचन आहे, पण आपल्या फोडणीचा इतिहास तिथेच आहे.

करडी हे आमच्याकडे कडेचं पीक. मधे रब्बी ज्वारी आणि रानाच्या चहूबाजूंनी करडीची दोन-चार तासं. अंगभर काटे, त्यामुळे मोकाट जनावर आत शिरायला धजत नसे. कोवळी असताना तिच्या पानांची लसूण घालून भाजी व्हायची. नंतर ती अशी काटेरी व्हायची की जवळून जाताना धोतर-लुगडं सांभाळावं लागे. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तीही पहाटे, दवानं काटे जरा नरम असतात तेव्हा. बायका हातांना चिंध्या गुंडाळून कामाला जायच्या. उन्हं चढली की काम बंद. मग वाळवायची, काठीनं बडवायची, उफणायची. पांढरं, टणक, चकचकीत बी निघायचं. त्यातलं वर्षाच्या तेलापुरतं घरी ठेवून बाकीचं बाजारात जायचं.

घरचं पोतं तेल्याकडे गाळायला जायचं. घाण्याच्या उखळात लाट करकरत फिरायची, बैलाच्या डोळ्यांवर ढापणं, आणि आम्ही पोरं तिथं घुटमळायचो ती पेंडीसाठी. करडीची पेंड जनावरांना, पण शेंगदाण्याची असली तर तिचा गरम तुकडा गुळाच्या खड्याबरोबर आमच्या हातावर यायचा. गाळलेलं तेल डब्यात आठवडाभर निवळत ठेवायचं. गाळ तळाशी बसायचा, वर सोनेरी तेल. उन्हाळ्याच्या शेवटी ते खवटायचं, हेही सांगितलं पाहिजे. खवट तेलाची भाजी मी खाल्लेली आहे आणि तिची मला काडीची ओढ नाही.

हे सगळ्या महाराष्ट्राचं तेल नव्हतं. सांगली-कोल्हापूरकडे शेंगदाण्याचं, त्यालाच गोडेतेल म्हणायचं. पूर्व विदर्भात जवसाचं. कापसाच्या मुलखात सरकीचं. नाशिक-ठाण्याच्या डोंगराळ भागात खुरासणीचं, आणि कोकण-गोव्यात खोबरेल, जे घाटावरच्या पाहुण्याला पहिल्या घासाला डोक्याला लावायच्या तेलाची आठवण करून द्यायचं. शेतात जे बी यायचं त्याचं तेल कढईत. जावई कुठल्या भागातला आहे हे सासूला त्यानं कुठल्या तेलाला नाक मुरडलं यावरून कळायचं.

आता या आठवणीवर थोडं पाणी ओतायला हवं. तेल चवदार होतं, पण होतं किती? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशात माणशी वर्षाला ३ किलोच्या आसपास खाद्यतेल वाट्याला यायचं. आज हा आकडा १९ किलोंच्या पुढे आहे. सरासरीत आमच्यासारखी करडी पिकवणारी घरं होती, तशी आमच्या रानात राबणारी बिनजमिनीची घरंही होती. त्यांच्याकडे आठवडी बाजारातून बाटलीत पावशेर तेल यायचं, गळ्याला सुतळी बांधलेली ती बाटली खुंटीला टांगलेली असायची, आणि भाजीत थेंब मोजून पडायचे. तळण म्हणजे दिवाळी, नाहीतर लग्न. पापडसुद्धा निखाऱ्यावर भाजायचे. त्या घरातली म्हातारी आज मोकळ्या हातानं तेल घालते आणि तिला पूर्वीचं तेल चांगलं होतं असं अजिबात वाटत नाही. तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याजवळ उत्तर नाही.

तर या टंचाईच्या देशात १९३७ साली डालडा आला. लिव्हर कंपनीचा शिवडीचा कारखाना त्याआधीच उभा राहिला होता. तेलात हायड्रोजन सोडून ते थिजवायचं, तुपासारखं रवाळ दिसेल असं करायचं, आणि तूप परवडत नाही त्याला तुपाचं समाधान विकायचं. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडासारखं पामचं झाड. गंमत अशी की तेव्हा डब्यात असायचं ते प्रामुख्यानं देशी शेंगदाण्याचं तेल, आणि पाम फक्त चित्रात. पुढे काय वाढून ठेवलंय ते चित्रकारानं आधीच रंगवून ठेवलं होतं म्हणायचं.

डालड्याविरुद्ध केवढं रण माजलं होतं हे आज कुणाला सांगून खरं वाटत नाही. गांधीजींचा वनस्पती तुपाला उघड विरोध होता. वर्ध्याला १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, आणि तिथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी जास्त तेल देणारा, बैलाला हलका जाणारा सुधारित घाणा तयार केला. म्हणजे एकीकडे शिवडीचा हायड्रोजन आणि दुसरीकडे वर्ध्याचा बैल, दोन्ही एकाच दशकातले, दोन्ही महाराष्ट्रातले. पन्नाशीच्या दशकात वनस्पतीवर बंदी आणायची विधेयकं संसदेत आली आणि पडली. मग प्रस्ताव आला की निदान त्याला रंग तरी द्या, म्हणजे साजूक तुपात भेसळ केली तर ओळखू येईल. सोयीचा रंग काही सापडला नाही. शेवटी तडजोड निघाली ती फार सरकारी होती: वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं. तिळाच्या तेलाला प्रयोगशाळेत एका चाचणीनं लालसर रंग येतो, म्हणून. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना दिसणार नाही, पण निरीक्षकाच्या परीक्षानळीत दिसेल.

आमच्या घरी डालडा लग्नकार्यापुरता. आजी त्याला हातही लावायची नाही, पण रिकाम्या डब्यावर तिची नजर आधीपासून असे. त्या डब्यात आधी पीठ, मग तुळस, आणि पत्रा गंजल्यावर त्याची बदली पहाटे रानाकडे जाणाऱ्यांच्या सेवेत व्हायची. त्या डब्याइतकं दीर्घ आणि सर्वजातीय आयुष्य फार थोड्या सरकारी योजनांना मिळालं.

सत्तरीत तेल राजकारणात आलं ते रांगेतून. १९७२चा दुष्काळ, रेशनवर लाल मिलो ज्वारी, आणि तेल तर दुकानातून गायबच. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. गुजरातेत १९७४च्या नवनिर्माण आंदोलनामागे महागाईची चीड होती, त्यात शेंगदाणा तेलाच्या भावाचाही वाटा होता. सौराष्ट्रातल्या तेलाच्या व्यापाऱ्यांना लोक ‘तेलिया राजा’ म्हणत, इतका त्यांचा दरारा. सरकारनं यातून एक धडा घेतला: पिकवणारा ओरडला तर निभावतं, पण शहरातली बाई लाटणं घेऊन आली तर निभावत नाही. परदेशी तेल राज्य व्यापार महामंडळाच्या हातून येऊ लागलं आणि रेशनच्या दुकानात, वनस्पतीच्या कारखान्यांत वाटलं जाऊ लागलं. १९८३ साली वनस्पतीत जनावरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा आमच्या गावातल्या कीर्तनातही त्याचा उद्धार झाल्याचं मला चांगलं आठवतं.

नंतरची काही वर्षं मात्र सरकारनं चक्क शेतकऱ्याकडे पाहिलं. १९८६ साली राजीव गांधींच्या सरकारनं तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. बियाणं, हमीभाव, खरेदी, आणि आयातीला आवर. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं (एनडीडीबी) ‘धारा’ बाजारात आणून भाव सांभाळायचं काम घेतलं. १९८५-८६ला देशात १०८ लाख टन तेलबिया पिकत होत्या, त्या दहा-अकरा वर्षांत २४० लाख टनांच्या पुढे गेल्या. नव्वदीच्या सुरुवातीला देशाची तेलाची जवळजवळ सगळी गरज देशातच भागत होती. हे परत परत सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे तेल पिकूच शकत नाही अशी समजूत आता पक्की झाली आहे. पिकत होतं. मधे धोरण बदललं.

धोरण बदलायच्या आधीच जीभ बदलू लागली होती, आणि ती बदलत होती दूरदर्शनवर. सनड्रॉपच्या जाहिरातीत पोरगं टम्म फुगलेल्या पुऱ्यांमधून कोलांट्या मारत होतं. धाराच्या जाहिरातीत घर सोडून निघालेलं लेकरू जिलबीचं नाव ऐकताच परतत होतं. आणि सफोला भीती घालत होतं. नवऱ्याच्या हृदयाची काळजी बायकोनं तेलाच्या डब्यातून घ्यायची, असा तो हिशोब. आता सफोला म्हणजे मुळात आमचं करडीचंच तेल. ज्या तेलात आमच्याकडचा सालगडी भाकरी बुडवून खायचा, ते गाळून, निर्मळ करून, इस्पितळाच्या गाडीचा आवाज लावून मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत महागानं विकलं जात होतं, आणि त्याच वर्षांत आमच्या गावातली करडी रानाच्या कडेवरूनही मागे सरत होती. आज त्याच नावाखाली मिळणाऱ्या तेलात बहुतेक वेळा तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची मिश्रणं असतात. ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे शब्दही त्याच काळात डब्यांवर आले. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. पाण्याच्या बाटलीवर ‘यात हाडं नाहीत’ असं लिहिण्याइतकाच त्याला अर्थ. पण छापलेलं दिसलं की शेजारच्या घाण्याच्या तेलात ते असणार असं वाटायला लागतं, आणि छापणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

रिफाइंड म्हणजे काय, हे माझ्या आईनं एकदा किराणा दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘काकू, साफ केलेलं.’ पुढचं ती स्वतःच म्हणाली, ‘म्हणजे आमचं घाण होतं होय?’ साफ करायची कृती अशी: बियातलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकात उतरवून घ्यायचं, मग त्यातला चिकटा काढायचा, कॉस्टिक सोड्यानं आम्ल मारायचं, विशिष्ट मातीतून गाळून रंग काढायचा, आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून वाफेच्या झोतानं वास काढायचा. या शेवटच्या पायरीला कारखान्यात डिओडरायझेशन म्हणतात. यातून जे निघतं ते टिकतं, फेसाळत नाही, लवकर खवटत नाही, सगळं खरं. पण ते करडीचं राहत नाही आणि शेंगदाण्याचंही राहत नाही. ते कुठलंही तेल असू शकतं. लातूरच्या बाजाराचं असू शकतं, ब्राझीलचं असू शकतं, सुमात्राच्या मळ्यातलं असू शकतं. जिभेला फरक कळेनासा झाला की मग निवड जीभ करत नाही, भाव करतो. आणि भाव आयातशुल्क ठरवतं.

ते शुल्क असं उतरलं. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली, तेव्हा शुल्क ६५ टक्के. पुढच्याच वर्षी ३०. १९९८ला १५. चार-पाच वर्षांत भिंत पाडून झाली. त्याच १९९८च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळा धोतरा म्हणतात त्या काटेरी रानझाडाच्या बियांची भेसळ निघाली, साठाहून जास्त माणसं दगावली, आणि त्याच वर्षी केंद्राचा आदेश आला की खाद्यतेल पॅकबंदच विकायचं. भेसळ रोखायलाच हवी होती, माणसं मेली होती. पण पॅकिंगचं यंत्र, लेबल, परवाना हे सगळं गावातल्या घाण्याला झेपणारं नव्हतं. राज्यांनी सवलती दिल्या, सुटं तेल कितीतरी ठिकाणी विकलं जात राहिलं, तरी आमच्याकडच्या तेल्यानं तेवढ्यात घाणा बंद केला. त्याची मुलं औरंगाबादला कंपनीत लागली. बैल विकला. लाकडाचं उखळ बरीच वर्षं दारात पडून होतं, त्यावर कोंबड्या बसायच्या.

आणि रानात सोयाबीन आलं. या पिकाला मी नावं ठेवणार नाही. आमच्या भागातल्या पोरींची शिक्षणं, घरांवरचे स्लॅब, मोटारसायकली या पिकानं केल्या. तीन-साडेतीन महिन्यांत मोकळं होतं, काटे नाहीत, यंत्रानं मळता येतं, लातूरच्या बाजारात नगद पैसा. पण ते खातं कोण? सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. करडीत ३० टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्यात त्याहून बरंच जास्त. सोयाबीनची खरी कमाई पेंडीत, आणि ती पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर परदेशात. म्हणजे तेलबियांचा मुलूख म्हणून आमचं नाव कायम राहिलं, पण त्या रानाचा आणि घरातल्या कढईचा संबंध तुटला. शेतकरी सोयाबीनचा ट्रॅक्टर बाजारात रिता करतो आणि येताना तेलाचं पाकीट विकत आणतो.

या तुटलेल्या दोऱ्याची दोन्ही टोकं सरकारच्या हातात असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं होतं. आमच्याकडे लोक एकमेकांना पेढे द्यायचे बाकी होते. कोंबडीखाद्याच्या उद्योगानं ओरड केली, आणि जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला त्याच महिन्यात परवानगी मिळाली. असं सोयाबीन आपल्या शेतकऱ्यानं पेरणं बेकायदा, पण त्याची पेंड बोटीतून आली तर कायदेशीर. सुगीपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. डिसेंबरात सोयाबीनचे आणि पामतेलाचे वायदेही बाजार नियामक सेबीनं थांबवले. पुढच्या एप्रिलात इंडोनेशियानं स्वतःच्या लोकांना तेल महाग पडतंय म्हणून पामतेलाची निर्यातच जवळजवळ महिनाभर बंद केली, आणि उदगीरच्या भज्यांच्या गाड्यावर त्याचे पडसाद उमटले. गाडेवाल्यानं भाव वाढवला नाही, भजी लहान केली.

पामतेलाची खरी करामत अशी की ते कुणी मागत नाही, तरी सगळे खातात. किराण्याच्या यादीत ‘पामतेल एक किलो’ लिहिणारी बाई मी पाहिलेली नाही. पण बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचा, शेवेच्या पाकिटामागची वाचा, झटपट शेवयांची, टोस्टची, आइस्क्रीमसारख्या दिसणाऱ्या पण ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेल्या कपाची वाचा. वडापाव मुंबईत साठच्या दशकात जन्मला, गिरणगावाच्या पडत्या काळात त्यानं किती घरं तगवली ते सर्वश्रुत आहे, आणि २००८च्या सुमारास तर त्याचा ‘शिववडा’ होऊन तो राजकीय पक्षाच्या झेंड्याखालीही आला. वडा मराठी की नाही यावर भाषणं झाली. तो कशात तळलाय हे कुणी विचारलं नाही.

रेशनवरही तेच. २०२२च्या दिवाळीला राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ काढला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. पिशवीवर नेत्यांचे हसरे फोटो. ज्या घरात एरवी करंज्या झाल्या नसत्या तिथं त्या झाल्या, आणि १०० रुपयांचं मोल ज्याला कळतं त्याच्यासमोर मी तेलाच्या वासाचं पुराण लावणार नाही. फक्त इतकंच मनात येतं की लातूर, सोलापूर, धाराशिव या जिल्ह्यांतही, जिथं करडी आणि भुईमूग पिढ्यान्‌पिढ्या पिकले, तिथंही सरकारला दिवाळीचं तेल म्हणून समुद्रापलीकडचंच सुचलं. मराठवाड्यात त्या दिवसांत पहाटे बऱ्यापैकी गारवा पडतो. पामतेल गारव्यात थिजतं. पिशवीतलं पाकीट दुधाळ झालेलं पाहून माझ्या चुलतीला ते डालडाच वाटलं, आणि तसं पाहता ती फार चुकली नव्हती.

मधल्या काळात डालडा लिव्हरनं २००३ साली बुंगे या परदेशी कंपनीला विकला. वनस्पतीतल्या ज्या घटकाची ट्रान्स फॅट म्हणून बदनामी झाली, त्यावर सरकारनं हळूहळू लगाम आवळत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. चांगलं झालं. गांधीजी म्हणत होते त्याला सत्तर-ऐंशी वर्षं लागली एवढंच.

आज देश वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास खाद्यतेल आयात करतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्यांसाठी म्हणून कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि सोयाबीन हमीभावाच्या खाली होतं. मे २०२५ अखेर ग्राहकांसाठी म्हणून तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं. आणि त्याच वर्षी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लठ्ठपणाची काळजी व्यक्त करत घरात १० टक्के तेल कमी आणा असा सल्ला दिला. दोन्ही दहा टक्केच. तेल स्वस्त करायचं खातं वेगळं, खाऊ नका म्हणायचं खातं वेगळं, त्यामुळे बहुधा त्यांची गाठ पडली नसावी. दुकानदारांनी आणि कंपन्यांनी मात्र दहा टक्क्यांचा सल्ला आधीच अमलात आणलाय: लिटरच्या पाकिटात ९१० ग्रॅम तेल असायचं, आता तशाच दिसणाऱ्या पाकिटात ८५० असतं, कधी ८००.

घाणा परत आलाय, हे तुम्हीही पाहिलं असेल. पुण्यात कुठल्याही उपनगरात ‘लाकडी घाण्याचं शुद्ध तेल’ अशी पाटी दिसते. उखळ लाकडाचं, फिरवायला विजेची मोटार, आणि दर पाकिटातल्या तेलाच्या दुपटीहून पुढे. मी तिथून शेंगदाण्याचं तेल आणतो. वास येतो, फेस येतो, बरं वाटतं. करडीचं मागितलं तर दुकानातला तरुण म्हणाला, ‘काका, हंगामात या. बी मिळालं तर गाळतो.’ ते मिळतंच असं नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं करडीवर कित्येक वर्षं काम केलं, बिनकाट्याचे वाणही काढले. संशोधन कमी पडलं असं कुणी म्हणू नये. जे पीक कुणी विकत घ्यायला उभं नाही ते शेतकऱ्यानं संशोधकाच्या मानासाठी पेरावं, ही अपेक्षा करणं जरा जास्तच आहे.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तर भाच्याच्या रानात एकरभर करडी उभी. मला गहिवरून आलं. हमीभाव पाहिला असेल, सोयाबीनला कंटाळला असेल, आजीची आठवण झाली असेल, असं बरंच काही मनात आणून मी त्याला विचारलं, की बाबा, करडी कशी काय पेरलीस?

‘मामा, रानडुकरं,’ तो म्हणाला. ‘हरभऱ्याचा पार नास केला त्यांनी मागच्या साली. काट्यात येत न्हाईत. आन्‌ आता कापायला हार्वेस्टर मिळतंय.’

‘आणि तेल? घरी गाळणार का?’

‘कुठं गाळता? घाणा बार्शीला, न्हाईतर सोलापूरला. डिझेल तेलापेक्षा महाग पडतंय. आडतीला घालू. पण भाजी न्या जाताना, कोवळी हाय.’